खाडीतला जिताडा: सामान निवडण्यापासून मासा काठावर आणेपर्यंत

जिताडा गरवायला, म्हणजे गळाने पकडायला, शिकायचंय असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आधी दुकान गाठतो. रॉड कुठला, रीळ किती नंबरचं, लूर (म्हणजे नकली आमिष) कोणत्या रंगाचा, यावर तासन् तास चर्चा होते आणि खाडीवर जाऊन पाणी बघायचं राहूनच जातं. माझं म्हणणं उलट आहे. जिताडा कुठे बसतो आणि त्याच्यासमोरून पाणी कधी वाहतं, हे आधी बघा. तेवढं कळलं की रॉडची लांबी, दोरीची ताकद, लूरचं वजन हे सगळं त्या जागेवरूनच ठरत जातं. म्हणून या लेखात सामान चौथ्या क्रमांकावर आहे.

आधी मासा ओळखा

रायगड-रत्नागिरीकडे जिताडा, गोव्यात चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्करिफर. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात, पण अमेरिकेतल्या तळ्यांत मिळणाऱ्या लार्जमाउथ बासच्या कुळातला तो नाही. तरी वागणं मात्र बरंचसं सारखं आहे. दोघंही आडोशाला दडून बसतात आणि समोरून जाणाऱ्या सावजावर झडप घालतात. त्यामुळे बाससाठी बनवलेलं पुष्कळसं सामान आणि कितीतरी पद्धती आपल्या खाडीत चालतात. बदल दोनच करावे लागतात: लीडर (मुख्य दोरीच्या पुढे, लूरपर्यंत जोडलेला तुकडा) जाड हवा आणि गळ जास्त मजबूत हवेत. कारण इथे पाणी खारं आहे, आजूबाजूला कालवं चिकटलेले दगड आहेत आणि मासा ओढीला जबरदस्त आहे.

एखादा जिताडा बाजारात दिसला तर त्याचं तोंड नीट न्याहाळा. खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या बाजूला उघडणारं. म्हणजे हा खालून वर बघत शिकार करतो. तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट सावज आत ओढून घेतो. शांत रात्री धक्क्याखाली ‘डब्ब’ असा जो आवाज येतो, तो याचाच. विजेरीच्या झोतात डोळे लालसर चमकतात. जबड्यावरून बोट फिरवा, काचपेपरसारखा खरखरीत लागतो. बारीक दोरी तिथे घासून तुटते. आणि कल्ल्याच्या झाकणाची कड बघताना बोट सांभाळा, ती सुरीइतकी धारदार असते. लीडर जाड का घ्यायचा, मासा हातात कसा धरायचा, या दोन्हींची उत्तरं या एका तोंडात आहेत.

जागा कशी हेरायची

पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा आणि पूर्ण ओहोटीला खाडीवर जा. पाणी उतरल्यावर खाडीचा तळ उघडा पडतो आणि एरवी न दिसणारं सगळं दिसतं: तिवरांतून निघणारे छोटे नाले, त्यांच्या मुखाशी खणलेले खड्डे, बुडालेले ओंडके, जुन्या धक्क्याचे दगड, पुलाच्या खांबांभोवती पाण्याने कोरलेली खोली. फोटो काढून ठेवा. भरतीला तिथे सपाट मातकट पाण्याखेरीज काहीच दिसणार नाही, पण तुम्हाला माहीत असेल की खड्डा कुठे आहे.

सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे तिवरांतून येणाऱ्या नाल्याचं तोंड. भरतीत कोळंबी, बोयची पिल्लं, निवट्या हे सगळं झाडांच्या मुळांत शिरतं. ओहोटी लागली की त्यांना त्याच अरुंद वाटेने बाहेर यावं लागतं. जिताडा तोंडाशी, मुख्य प्रवाहाच्या किंचित बाजूला, संथ पाण्यात उभा राहतो. त्याला पोहण्यात ताकद घालवायची नसते. जिथे वेगाचं आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतं ती रेघ शोधा. पृष्ठभागावर फेसाची किंवा काडीकचऱ्याची पट्टी दिसते, तीच ती.

दुसरी जागा पूल. रात्री पुलावर दिवे असतील तर पाण्यावर उजेड आणि सावली यांची स्पष्ट हद्द पडते. जिताडा सावलीच्या बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि उजेडातून येणारं सावज टिपतो. लूर उजेडातून सावलीत गेला पाहिजे.

खारबंदिस्तीच्या उघाड्यांपाशी, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांतल्या दारांपाशी, आणि गोव्यात खाजणांच्या (बांध घातलेल्या खारट जमिनींच्या) मानशींपाशी, म्हणजे तशाच दारांपाशीही मासा जमतो. पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. मानशीवरच्या मासेमारीचे हक्क लिलावाने दिलेले असतात, रायगडातल्या कितीतरी खाजणांत आणि तळ्यांत जिताडा पाळलेला असतो. तो कुणाच्या तरी घामाचा मासा आहे. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये. खाडीत कोळ्यांनी जाळी लावली असतील तर त्यांच्यापासूनही लांब राहा. एक जिगहेड (शिशाच्या डोक्याचा गळ) जाळ्यात अडकला तर फाडफाड होते ती त्यांच्या पोटावर. शिवाय त्या माणसांशी चार शब्द बोललात तर खाडीबद्दल जे कळेल, ते कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

आणि मगरी. चिपळूणजवळची वाशिष्ठी, महाडची सावित्री, गोव्यातला कुंभारजुवे कालवा, इथे मगरी आहेत. अशा पाण्यात गुडघाभरही उतरू नका, काठाच्या अगदी टोकाला उकिडवे बसून हात धुऊ नका, अंधारात तर मुळीच नाही.

पाण्याचं गणित

कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. जे येईल ती भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या पट्ट्याला बरा लागू पडतो. दक्षिणेकडे भरती थोडी लवकर येते, आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो. म्हणून भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक बघाच, पण आपल्या ठरलेल्या जागी पाणी खरोखर कधी वळतं ते घड्याळ लावून टिपून ठेवा. तो फरक कळला की पुढे तो दरवेळी उपयोगी पडतो.

आता हे गणित माशाला लावू. जिताड्याला अंधुक उजेड आवडतो आणि नाल्याच्या तोंडाशी तो ओहोटीत खातो. या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात, म्हणजे ओहोटी लागून तास-दोन तास झालेले असताना दिवस उगवायला किंवा मावळायला हवा. पंचमी ते सप्तमीचा हिशोब करा: भरती पावणेचार ते सव्वापाच. पहाटे भरती होऊन गेली, तांबडं फुटेपर्यंत पाणी चांगलं खेचू लागलं. संध्याकाळी पुन्हा तेच. शिवाय हे दिवस उधाण ओसरून भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीकडे, जाणारे असल्याने पाणी फार गढूळ नसतं. शुद्ध असो वा वद्य, महिन्यात हे दिवस दोनदा येतात. सुट्टी काढायची तर याच दिवसांत काढावी.

उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, मुंबईकडे पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. गोव्यात त्याच्या निम्म्याने. उत्तरेकडे उधाणात प्रवाह इतका जोराचा असतो की हलका लूर तळाला लागतच नाही आणि पाणी चिखलाचं होतं. तेव्हा पुलांचा नाद सोडून तिवरांच्या आतल्या लहान नाल्यांकडे वळावं. अगदी भांगाला पाणी नितळ पण मरगळलेलं. तेव्हा मोठ्या पुलाखालची जागा बरी. आणि उधाणाच्या भरतीत बांधावर उभे असाल तर पाठीमागची वाट पाण्याखाली जात नाही ना, हे अधूनमधून वळून बघत राहा.

हंगाम म्हणाल तर पाऊस संपून पाणी निवळू लागतं तेव्हापासून थंडी पडेपर्यंत, आणि पुन्हा मार्च ते मे. थंडीत पाणी गार झालं की मासा सुस्तावतो. तेव्हा लूर निम्म्या वेगाने चालवावा लागतो.

आता सामान

एकच रॉड घ्यायचा असेल तर सात फुटी, मिडियम हेवी, टोकाकडे वाकणारा, १० ते ४० ग्रॅमपर्यंतचे लूर फेकणारा घ्या. सात फूट का? तिवरांच्या फांद्यांखाली आठ फुटी रॉड मागे न्यायला जागा मिळत नाही, आणि सहा फुटी रॉडने मासा मुळांपासून बाजूला वळवायला जोर कमी पडतो. तुमची जागा उंच धक्का किंवा पूल असेल तर मात्र आठ फुटी घ्या.

रीळ ३००० किंवा ४००० नंबरचं स्पिनिंग. बेटकास्टिंग रीळ हातात बसलं की नेमक्या जागी टाकायला उत्तम, पण नवख्याची दोरी त्यात गुंतते आणि पहाटेची ती मोलाची वेळ गुंता सोडवण्यात जाते. सुरुवात स्पिनिंगनेच करा. रीळ घेताना बेअरिंगची संख्या बघू नका. ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, बघा: दोरी हाताने ओढली की ती एकसारखी सुटली पाहिजे, धक्के देत नाही. पैसे कमी असतील तर रॉड स्वस्तातला घ्या आणि वाचलेले पैसे रीळावर लावा.

दोरी ब्रेडेड, २० ते ३० पौंडांची, दीडशे मीटर. मुळं किंवा खांब जवळ असतील तर ३०च घ्या. साधा तंगूस (नायलॉनची दोरी) ताणला जातो. दूरवर माशाने तोंड लावलं तर गळ रुतायला जोर पोचत नाही. ब्रेडेड दोरी ताणत नाही, पण दगडावर घासली की लगेच तुटते, म्हणून पुढे अर्धी वाव (साधारण तीन फूट) फ्लुरोकार्बनचा लीडर हवाच, ४० ते ५० पौंडांचा. पाणी नितळ आहे म्हणून ३०चा लीडर लावायचा मोह होतो. मी तो लावत नाही. तो खरखरीत जबडा आणि कालवांची धार यांपुढे ३० टिकत नाही, आणि तोंडात लूर घेऊन तुटलेला मासा हे दुखणं माशाचंही असतं.

दोरी आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. ती बारीक बसते, रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही. ब्रेडेड दोरी दोन्ही बाजूंनी ताणून धरा, एक बाजू रॉडकडे, दुसरी दातात किंवा बोटाला गुंडाळून. त्या ताणलेल्या दोरीवर लीडरचं टोक एकदा वरून, एकदा खालून असं आळीपाळीने फिरवा. प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून बसला पाहिजे. असे अठरा-वीस वेढे झाले की दोरीच्या मोकळ्या टोकाने लीडर आणि मुख्य दोरी दोन्हींभोवती दोन अर्धगाठी मारा. मग गाठ ओली करून, दोरी हाताला कापू नये म्हणून रुमाल गुंडाळून, जोरात ओढा. वेढे लीडरमध्ये रुततात आणि दोरीचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, पुन्हा बांधा. मग लीडरचं उरलेलं टोक कापा आणि मुख्य दोरीवर आणखी चार-पाच अर्धगाठी मारून संपवा. खाडीवर वारा असतो, त्यामुळे ही गाठ घरी बसूनच बांधून न्यावी.

ड्रॅगही घरीच लावा. दोरीच्या ताकदीच्या पावपट हा नियम. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, म्हणजे ड्रॅग सव्वातीन-साडेतीन किलोचा. डब्यात तीन लिटर पाणी भरा, दोरीला बांधा, रीळ रॉडवरून काढून हातात धरा आणि डबा उचला. डबा जमिनीवरून उठता उठता दोरी सुटू लागली की ड्रॅग बरोबर.

लूरांचा डबा भरून घेऊ नका. तीन प्रकार पुरेत. पहिला, दहा-बारा सेंटिमीटरचा मिनो (लहान माशाच्या आकाराचा कडक लूर), मीटर-दीड मीटर बुडणारा. दुसरा, चार इंची शेपटी हलवणारा सॉफ्ट प्लास्टिक, १० ते २० ग्रॅमच्या जिगहेडवर. हा खड्ड्यांसाठी आणि पुलासाठी. तिसरा, तोच सॉफ्ट प्लास्टिक पण ५/० च्या वीडलेस गळावर, टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं, जो मुळांत टाकला तरी अडकत नाही. ही वीडलेस युक्ती आपण बासवाल्यांकडून घेतली आहे आणि तिवरांसाठी तिच्याइतकं कामाचं काही नाही. रंगाचा फार विचार करू नका: गढूळ पाण्यात सोनेरी, काळसर किंवा पोपटी, नितळ पाण्यात चंदेरी. मिनोचे मूळचे तिहेरी गळ बहुतेक वेळा नाजूक असतात. ते काढून जाड एकेरी गळ लावा. मासा सुटायचं प्रमाण फार वाढत नाही आणि सोडताना त्याला इजा कमी होते.

लूरऐवजी जिवंत आमिष वापरायचं असेल तर पागाने (फेकायच्या जाळ्याने) पकडलेली चार इंची बोय किंवा मोठी कोळंबी, ५/० चा सर्कल गळ (टोक आत वळलेला), आणि वर लहानसा तरंडा. बोय वरच्या ओठातून अडकवा म्हणजे ती पोहत राहते. सर्कल गळावर झटका द्यायचा नसतो; दोरी ताणली की नुसतं रीळ फिरवायचं. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

लूर चालवायचा कसा

नाल्याच्या तोंडाशी उभं राहताना थेट समोर नको, खालच्या अंगाला, थोडं मागे. जड पाय आपटत चालू नका, ओल्या काठावरून धमक पाण्यात पोचते. लूर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका आणि पाण्यासोबत वाहत येऊ द्या, कारण खरी कोळंबी आणि खरी बोय तशीच येते. प्रवाहाविरुद्ध पळणारं सावज जिताड्याला खोटं वाटतं, असा माझा समज आहे.

मिनो असेल तर दोन झटके, मग थांबा. दोन सेकंद, कधी चार. पुन्हा एक झटका, पुन्हा थांबा. झटका म्हणजे मनगटाची हालचाल, हात खांद्यापासून हलवायचा नाही. मासा जवळजवळ नेहमी थांब्यात घेतो, म्हणून थांबताना दोरी सैल लोंबू देऊ नका. जेमतेम ताठ ठेवा आणि ती जिथे पाण्यात शिरते त्या बिंदूवर डोळे ठेवा. दोरी बाजूला सरकली, तरी मासा लागला समजून झटका द्यायला हरकत नाही. नव्या माणसाला थांबणं सगळ्यांत जड जातं. तो रीळ फिरवतच राहतो आणि लूर माशासमोरून निघून जातो.

जिगहेडचं तंत्र वेगळं. तळाला लागू द्या, दोरी सैल पडली की समजतं. रॉडचं टोक फूटभर उचला, पुन्हा खाली न्या, लूर खाली जाताना सैल पडणारी दोरी गोळा करा. खाली जातानाच टुक् असा बारीक ठोका बसतो. तळाला लागतच नसेल तर वजन वाढवा. दर फेकीला चिखलात रुतत असेल तर कमी करा.

एका जागी दहा-पंधरा फेकींत काही झालं नाही तर कोन बदला, मग लूर बदला, मग जागा. पण पाणी वळायच्या आधीचा तास असेल तर मी जागा सोडत नाही.

लागल्यावर

पहिले पाच सेकंद सगळं ठरवतात. मासा सरळ मुळांकडे किंवा खांबाकडे जातो. रॉड उभा धरू नका. आडवा करा, आडोशाच्या उलट दिशेला, आणि रीळाच्या कडेवर बोट दाबून थोडा जास्तीचा रोध द्या. एकदा मोकळ्या पाण्यात आला की घाई नको, ड्रॅगला काम करू द्या. जिताडा उडी मारतो आणि हवेत डोकं जोरात हलवतो. लूर त्याच वेळी सुटतो. दोरी वर चढताना दिसली की रॉडचं टोक पाण्याकडे न्या, दोरी ताठ ठेवा पण ओढू नका.

काठाशी आणताना डोकं आधी जाळीत. दोरीला धरून उचलू नका. खालचा जबडा लिप ग्रिपने (जबडा धरायच्या चिमट्याने) धरा, दुसरा हात ओला करून पोटाखाली. नुसत्या जबड्यावर मोठा मासा लोंबता धरला तर त्याच्या मणक्याला आणि जबड्याला इजा होते. कल्ल्यात बोटं घालू नका, आणि गळ काढायला पक्कड वापरा.

घरी न्यायचा की सोडायचा? जिताडा जन्माने नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. साधारण ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या पुढचा मासा बहुधा मादी, लाखोंनी अंडी घालणारी. ती खारट पाण्यात, खाडीच्या मुखाकडे, पावसाळ्याच्या आसपास अंडी घालते. खूप मोठा मासा म्हणजे त्या खाडीतली पुढची पिढी, म्हणून मोठा मासा सोडावा असं मला मनापासून वाटतं. साठ-पासष्ट सेंटिमीटरचा एखादा घरी न्या, रायगडात जावयाच्या ताटात जिताडा वाढतात तो काही उगाच नाही. न्यायचा असेल तर लगेच मारून, कल्ल्यापाशी कापून रक्त वाहू द्या आणि बर्फात घाला. उन्हात पिशवीत तडफडलेल्या माशाची चव उतरते. सोडायचा असेल तर फोटो एकच, तोही पाण्याजवळ. प्रवाहाकडे तोंड करून धरा, कल्ले हलू लागतील. तो स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत हात काढू नका.

परतल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, बुडवून ठेवू नका. पुसून झालं की ड्रॅग सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या चिकटतात. वापरलेले लूर वेगळ्या डब्यात ठेवा. एक गंजका गळ बाकीच्यांनाही गंजवतो. लीडरचा शेवटचा वीतभर भाग नखाने चाचपा. खरखर लागली तर तेवढा कापून लूर पुन्हा बांधा, आणि लीडर हातभरच उरला असेल तर नवाच लावा.